परदेशात झालेला घटस्फोट कोल्हापुरात मान्य करून घ्यायचा तर: निकाल एकटा आणू नका, आख्खी फाईल आणा

ताईचा घटस्फोट न्यू जर्सीत झाला २०२१ ला, आणि ती घटस्फोटित आहे असं कोल्हापूरच्या कोर्टाच्या कागदावर यायला २०२४ उजाडलं. मधे जी पळापळ झाली त्यातली निम्मी तरी फुकटची होती, कारण नीट सांगणारं कोण भेटलंच नाही, जो तो म्हणायचा अहो अमेरिकेच्या कोर्टाचा निकाल आहे, त्याला कोण नाही म्हणतंय. दुसऱ्या लग्नाच्या नोंदणीसाठी एका कार्यालयात गेलो तेव्हा टेबलापलीकडचा माणूस शांतपणे नाही म्हणाला. तिथनं पुढं जे जे कळत गेलं ते खाली लिहितोय. मी वकील नाही, राजारामपुरीत माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, पण तारखांना इतक्या वेळा गेलोय की कोर्टाबाहेरचा चहावाला मला ज्युनियर वकील समजायला लागलेला.

हे सगळं मुख्यतः हिंदू विवाह कायद्याखाली लग्न झालेल्यांसाठी आहे, त्यात जैन, बौद्ध, शीख पण येतात. स्पेशल मॅरेजवाल्यांनाही बरंचसं असंच लागू होतं. मुस्लिम आणि ख्रिश्चन लग्नांचे कायदे वेगळे, घटस्फोटाची कारणं वेगळी, त्यांनी त्या कायद्याच्या जाणकारालाच गाठावं, मी तिथं ज्ञान पाजळत नाही.

शिक्का मारून देणारं ऑफिस कुठं नाही

आम्ही आधी तेच शोधत होतो. कलेक्टर ऑफिसला विचारलं, महापालिकेत विचारलं, पुण्याच्या पासपोर्ट ऑफिसला मेल टाकला. परदेशी घटस्फोट नोंदवून घेणारं खातं भारतात नाहीच. जे काही आहे ते दिवाणी प्रक्रिया संहितेच्या, म्हणजे १९०८ च्या सीपीसीच्या कलम १३ मधे. ते कलम म्हणतं की परदेशी कोर्टाचा निकाल इथं बंधनकारक धरायचा, पण सहा अपवाद: त्या कोर्टाला अधिकारच नव्हता, निकाल गुणदोष बघून दिलेला नाही, भारतीय कायदा लागू असून तो धरलाच नाही, नैसर्गिक न्याय पाळला नाही (म्हणजे समोरच्याला नीट बाजू मांडू दिली नाही), फसवणुकीनं मिळवला, किंवा इथल्या कायद्याचा भंग होईल असा दावा त्यात मान्य केलाय. यातलं एक जरी लागलं तरी तो निकाल इथं चालत नाही, मग तो न्यूयॉर्कचा असो की लंडनचा.

म्हणजे बघा, तुमचा निकाल चांगला असेल तर तो पहिल्या दिवसापासनं इथं चांगलाच आहे, कोर्टात जायची सक्ती कुणी केलेली नाही. अडचण अशी की तो चांगला आहे की नाही हे नोंदणीच्या टेबलावरचा क्लार्क ठरवू शकत नाही आणि ठरवायची त्याला हौस पण नसते. म्हणून आपण कोर्टाकडनं एक घोषणा मागायची, की हे लग्न अमुक तारखेला संपलेलं आहे. सगळा खटाटोप त्या एका वाक्यासाठी.

कोर्ट नक्की काय बघतं

यावर सुप्रीम कोर्टाचा १९९१ चा निकाल आहे, वाय. नरसिंह राव विरुद्ध वाय. वेंकट लक्ष्मी. कुठल्याही वकिलाकडं गेलात तर पहिल्या पाच मिनिटांत हे नाव येणार. लग्न तिरुपतीला झालेलं, नवऱ्यानं अमेरिकेत मिसुरी राज्यात जाऊन घटस्फोट घेतला, तिथं ९० दिवस राहिलं की केस टाकता येत होती, कारण काय तर लग्न आता जुळणार नाही असं मोडलंय. बायको भारतात. सुप्रीम कोर्टानं तो घटस्फोट मानला नाही. त्यांनी नियम असा घातला की ज्या कायद्यानं लग्न झालं त्या कायद्याप्रमाणंच कोर्टाचा अधिकार पाहिजे आणि घटस्फोटाचं कारणही त्याच कायद्यातलं पाहिजे.

आणि इथंच बहुतेकांची गाडी अडकते. कारण हिंदू विवाह कायद्यात क्रूरता आहे, व्यभिचार आहे, दोन वर्षं टाकून जाणं आहे, दोघांची संमती आहे, पण नुसतं "आमचं पटत नाही, लग्न मोडलंय" हे कारण नाही. तसा घटस्फोट फक्त सुप्रीम कोर्ट राज्यघटनेच्या कलम १४२ च्या खास अधिकारात देऊ शकतं, २०२३ ला घटनापीठानं ते स्पष्ट केलं. आणि अमेरिकेतले निम्म्याहून जास्त कागद तर याच कारणावर असतात, ताईच्या निकालात पण तेच होतं, न जुळणारे मतभेद. ते वाचून आमचे पहिले वकील म्हणाले अवघड आहे. दुसऱ्यांनी फाईल मागितली.

त्या फाईलचं महत्त्व असं की १९९१ च्या त्याच निकालात तीन सवलती दिल्यात. एक, समोरचा माणूस ज्या देशात कायमचा राहतो तिथल्याच कोर्टात केस टाकली आणि कारण आपल्या कायद्यात बसणारं आहे. दोन, समोरच्यानं स्वतःहून तिथल्या कोर्टात हजर होऊन केस खरोखर लढवली आणि कारण आपल्या कायद्यातलं आहे. तीन, समोरच्यानं घटस्फोटाला संमती दिली. ही तिसरी सवलत सगळ्यात कामाची, कारण संमती असेल तर तिकडच्या कोर्टाचा अधिकार आपल्या कायद्यात बसत नसला तरी निकाल मानायचा असं सुप्रीम कोर्टानं म्हटलंय. ताईच्या केसमधे दोघांनी सेटलमेंट करारावर सही केलेली, दोघांचे वकील वेगवेगळे, सुनावणीला दोघं हजर. पण यातलं काहीच त्या दोन पानी निकालात लिहिलेलं नव्हतं! निकालात फक्त लग्न विसर्जित एवढंच. संमती फाईलमधे होती आणि फाईल न्यू जर्सीत.

म्हणून सांगतोय, इथल्या जजसाहेबांना तिकडच्या शिक्क्यापेक्षा जास्त हे बघायचं असतं की दुसऱ्या माणसाला त्या केसमधे कसं आणलं, तो आला का, काय बोलला, सही कुठं केली. ते दाखवणारे कागद गोळा केले की निम्मं काम झालं.

तुमची केस कुठं बसते ते आधी बघा

दोघांनी मिळून घेतलेला असेल, करारावर सह्या असतील, तर मोकळेपणानं घोषणेचा अर्ज करा. समोरचा माणूस आजही सहकार्य करणारा असेल तर मग सोन्याहून पिवळं.

समोरच्यानं तिकडं वकील देऊन केस लढवली आणि हरला, आणि कारण क्रूरता वगैरे आपल्यातलं असेल तर पण ठीक, फक्त निकालात कारणं लिहिलेली पाहिजेत.

एकतर्फी असेल, म्हणजे एकजण कोल्हापुरात बसलेला आणि दुसऱ्यानं तिकडं निकाल काढून घेतला, तर खरं सांगतो, त्यावर पैसे घालवू नका. अशा केसमधे १९७४ चा सत्या विरुद्ध तेजासिंग हा निकाल वाचायला मिळतो. नवरा राहायला होता दुसरीकडंच, नेवाडात तेवढ्यापुरता जाऊन तिथला रहिवासी असल्याचं दाखवून घटस्फोट घेऊन आला, सुप्रीम कोर्टानं सरळ फसवणूक म्हटलं. अशा वेळी दोघांची आता तयारी असेल तर इथंच हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब खाली संमतीचा घटस्फोट नव्यानं घेणं जास्त सुटसुटीत. त्याला एक वर्ष वेगळं राहिलेलं पाहिजे, ते तर झालेलंच असतं, आणि मधली सहा महिन्यांची वाट बघायची अट योग्य केसमधे कोर्ट माफ करू शकतं, २०१७ पासनं ते चालतंय. माझ्या ओळखीत एकानं मोठेपणानं एकतर्फी निकालावरच घोषणा मागितली, त्याच्या तारखा अजून चालू आहेत.

इंग्लंडवाल्यांनी एक लक्षात घ्या. तिकडं ६ एप्रिल २०२२ पासनं नवीन कायदा आलाय, एकट्यानं अर्ज केला तरी कारण द्यायला लागत नाही आणि दुसऱ्याला विरोध करायला जवळजवळ जागाच नाही. तिकडं सोपं झालं, इकडं अवघड झालं, कारण त्यात कारणही नाही आणि संमतीही नाही. पण त्याच कायद्यात दोघांनी मिळून अर्ज करायची सोय आहे. अजून केस टाकायची असेल आणि दोघांत बोलणं शिल्लक असेल तर कृपा करून जोडीनं अर्ज करा, तो अर्ज म्हणजेच संमतीचा पुरावा. आणि पहिल्या टप्प्याचा कंडिशनल ऑर्डर घेऊन इकडं येऊ नका, फायनल ऑर्डर लागतो. जुन्या केस असतील तर पहिल्या टप्प्याची डिक्री नायसाय चालत नाही, शेवटची डिक्री ॲबसोल्यूट पाहिजे.

कागद, आणि आमची झालेली फजिती

पहिली फेरी आमची अशी वाया गेली. ताईकडं निकालाची पीडीएफ होती. तिकडच्या एका एजंटनं सांगितलं मी अपॉस्टिल करून देतो, म्हणजे कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का, पैसे घेतले, कागद कुरियरनं आला, छान रिबीन वगैरे, आम्ही खूश. वकिलांनी उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाले, हे अपॉस्टिल कोर्टाच्या कागदावर नाहीये, नोटरीच्या सहीवर आहे. म्हणजे झालं काय, एजंटनं पीडीएफची प्रिंट काढली, नोटरीकडनं "खरी प्रत" म्हणून सही घेतली आणि त्या नोटरीच्या सहीला अपॉस्टिल लावलं. त्यातनं सिद्ध काय होतं, तर नोटरी खरा आहे. निकाल खरा आहे हे कुठंच येत नाही.

बरोबर क्रम असा. आधी ज्या कोर्टानं निकाल दिला त्या कोर्टाच्या क्लार्ककडनं सर्टिफाईड प्रत, सही-सीलची. मग त्या क्लार्कच्या सहीवर अपॉस्टिल. अमेरिकेत हे त्या त्या राज्याचं सरकार देतं, बहुतेक राज्यांत सेक्रेटरी ऑफ स्टेटचं ऑफिस, न्यू जर्सीत मात्र ट्रेझरी खातं, आम्ही आधी चुकीच्या ऑफिसला फोन लावत बसलो. इंग्लंडमधे परराष्ट्र खात्याचं लीगलायझेशन ऑफिस, ऑस्ट्रेलियात पण परराष्ट्र खातं. कॅनडा या अपॉस्टिल करारात ११ जानेवारी २०२४ पासनं आलाय, त्याच्या आधीची माहिती कुठं वाचलीत तर ती जुनी समजा. भारत त्यात २००५ पासनं आहे. दुबईचा निकाल असेल तर तिकडच्या परराष्ट्र मंत्रालयाचं अटेस्टेशन आणि मग आपल्या वकिलातीचं, हा लांबचा रस्ता, आणि निकाल अरबीत असतो तेव्हा अधिकृत भाषांतर पण लागतं.

आपल्या पुराव्याच्या कायद्यात परदेशी कोर्टाच्या नोंदींसाठी त्या देशातल्या आपल्या सरकारच्या प्रतिनिधीनं सर्टिफाय करायची पण तरतूद आहे, नरसिंह राव केसमधे झेरॉक्स दाखल केलेली आणि सुप्रीम कोर्टानं ती पुराव्यात घेतली नाही ती यामुळंच. त्यामुळं आमच्या वकिलांनी अपॉस्टिल असूनसुद्धा न्यूयॉर्कच्या भारतीय कॉन्सुलेटकडनं पण शिक्का आणायला लावला. जास्तीचा खर्च, पण पुढं त्यावर एक प्रश्न आला नाही. सर्टिफाईड प्रत नीट दाखल झाली की सीपीसीचं कलम १४ आपल्या मदतीला येतं, त्या कोर्टाला अधिकार होता असं धरूनच चालायचं, समोरच्यानं उलट सिद्ध करेपर्यंत.

आता निकालाबरोबर अजून काय मागवायचं ते सांगतो, हे सगळं एकाच वेळी सर्टिफाय करून घ्या, परत परत मागवणं म्हणजे डोकेदुखी: मूळ अर्ज, समोरच्याला समन्स पोचल्याचा पुरावा, त्याचं उत्तर किंवा हजेरीचा कागद, सेटलमेंट करार, आणि सुनावणीत दोघांनी काय सांगितलं याची नोंद मिळत असेल तर ती. अपील झालं नाही किंवा मुदत संपली हे दाखवणारा काही कागद मिळाला तर तोही.

इकडचे कागद सोपे, पण एक भानगड असतेच ती म्हणजे नाव. आपल्याकडं मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं, आडनाव बदललेलं, आणि अमेरिकेच्या फॉर्मवर मधलं नाव कधी गायब तर कधी पहिल्या नावालाच चिकटलेलं. ताईचं निकालात एक, पासपोर्टवर दुसरं, आधारवर तिसरं, आणि लग्नाच्या दाखल्यात चौथं स्पेलिंग. अर्जातच "ऊर्फ" टाकून सगळी नावं लिहा आणि ही सगळी एकच व्यक्ती असं प्रतिज्ञापत्र आधीच जोडा, नंतर सुचलं की तेवढ्यासाठी एक तारीख जाते. लग्नाची नोंदणी केलेली नसेल तर लग्नपत्रिका, फोटो, मंगल कार्यालयाची पावती जे असेल ते, आणि लग्न लावणारे भटजी हयात असतील तर त्यांचं प्रतिज्ञापत्र.

अर्ज कुठं टाकायचा

कौटुंबिक न्यायालयात. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यात कलम ७ मधे स्पष्ट लिहिलंय की एखाद्याचा वैवाहिक दर्जा काय आहे याची घोषणा करायचा अधिकार या कोर्टाला आहे. पण त्याची हद्द ठरलेली असते. गडहिंग्लज, इचलकरंजी, चंदगड असा पत्ता असेल तर केस वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडं जाऊ शकते, पत्ता सांगून वकिलाकडनं आधी हे क्लिअर करून घ्या.

अर्जात समोरच्याला प्रतिवादी करायलाच लागतं, भांडण नसलं तरी. मागणी साधी ठेवा: अमुक देशातल्या अमुक कोर्टाच्या अमुक तारखेच्या निकालानं हे लग्न संपुष्टात आलंय असं जाहीर करावं. ताईच्या आधीच्या मसुद्यात पोटगी, दागिने, भांडी सगळं कोंबलेलं होतं, दुसऱ्या वकिलांनी ते सगळं काढलं, म्हणाले जेवढं मागाल तेवढं भांडायला निमित्त देताय.

घोषणेच्या दाव्याला मुदतीच्या कायद्यानं तीन वर्षं मिळतात, दावा करायचा हक्क पहिल्यांदा उभा राहिल्यापासनं. तो दिवस कुठला धरायचा यावर वकिलांची डोकी चालतात, आम्ही नोंदणीवाल्यानं नाही म्हटलं तो दिवस धरला आणि त्याचं लेखी उत्तर जोडलं. तुम्हाला कुणी तोंडी नाही म्हटलं तर लेखी मागा, आणि फार लांबण लावू नका.

कोर्ट फीचं एक. महाराष्ट्रात बायकांना घटस्फोट, पोटगी, अत्याचार, मालमत्तेचे वाद अशा प्रकरणांत कोर्ट फी माफ आहे, १ ऑक्टोबर १९९४ ची अधिसूचना आहे तशी. घोषणेच्या अर्जाला ती लागते का हे दाखल करतानाच वकिलामार्फत विचारा, आधी भरून परत मागणं म्हणजे नसता उद्योग. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा, बाईमाणसाला तिथं उत्पन्नाची अट नाही, वकील फुकट मिळतो, फोन करायचा असेल तर १५१००.

आणि कौटुंबिक न्यायालयात वकील हा हक्क म्हणून मिळत नाही, कोर्टाची परवानगी लागते. ती मिळते, घाबरू नका, पण तोपर्यंत जजसाहेब थेट तुम्हालाच विचारणार. ताई पहिल्या तारखेला वकिलांकडं बघत उभी, आणि साहेब म्हणाले तुम्ही सांगा.

समोरचा परदेशात असेल तर

ताईचे आधीचे मिस्टर न्यू जर्सीतच आहेत. माणूस वाईट नव्हता, दोघांचं जमलं नाही एवढंच. त्यांनी इथल्या केससाठी सांगलीला राहणाऱ्या आपल्या वडिलांना मुखत्यारपत्र दिलं आणि "माझी हरकत नाही, तिकडचा घटस्फोट दोघांच्या संमतीनं झाला" असं प्रतिज्ञापत्र कॉन्सुलेटमधे सही करून पाठवलं. हे झालं म्हणून आमचं समन्सचं काम वाचलं, नाहीतर परदेशात समन्स बजावायचं म्हणजे केंद्राच्या कायदा मंत्रालयामार्फत हेग कराराच्या (देशादेशांत कोर्टाचे कागद पोचवायचा करार) वाटेनं जायला लागतं आणि महिने जातात.

मुखत्यारपत्राला एक काटा आहे. परदेशात केलेलं मुखत्यारपत्र महाराष्ट्रात आल्यापासनं तीन महिन्यांच्या आत त्यावर इथली स्टॅम्प ड्युटी भरायला लागते. कुरियरचं पाकीट जपून ठेवा, आल्याची तारीख त्यावर असते. मिस्टरांच्या वडिलांनी, म्हणजे काकांनी, ते मुखत्यारपत्र देवघरात ठेवलं होतं, अक्षरशः, मुदतीला आठ दिवस राहिले तेव्हा मी सांगलीला जाऊन घेऊन आलो.

पत्ताच माहीत नसेल तर कोर्टाच्या परवानगीनं जाहीर नोटीस पेपरात देता येते, पण परदेशात राहणाऱ्या माणसाला कोल्हापूरच्या पेपरातनं काय कळणार असा प्रश्न साहेबांनी विचारला तर उत्तर तयार ठेवा. ईमेल, व्हॉट्सअप, तिकडच्या जुन्या पत्त्यावर रजिस्टर पोस्ट, जे जे केलं त्याचे स्क्रीनशॉट जोडा.

तारखा

दाखल झाल्यावर सोळा अक्षरी सीएनआर नंबर मिळतो, तो ई-कोर्ट्सच्या ॲपमधे टाकून ठेवा, पुढची तारीख तिथं दिसते, रोज वकिलाला फोन करायला नको. पहिल्या काही तारखांना विवाह समुपदेशकांकडं पाठवतात. आता घटस्फोट होऊन तीन वर्षं झालेल्या माणसांचं काय जुळवणार असं वाटतं, पण तो प्रक्रियेचा भाग आहे, नाक मुरडू नका, जाऊन बसा, जे आहे ते सांगा. आमच्या बाईंनी वीस मिनिटांत रिपोर्ट दिला.

मग पुराव्याचं प्रतिज्ञापत्र, म्हणजे सरतपास लेखी द्यायचा. यात गोष्ट सांगत बसू नका, कागदांना निशाणी क्रमांक पडतील त्या क्रमानं लिहा: लग्न कधी कुठं, परदेशात कुठल्या पत्त्यावर कधीपासनं राहिलो, केस कुणी टाकली, समोरचा कसा हजर झाला, संमती कुठल्या कागदावर आहे, निकालाची तारीख, अपील नाही. समोरच्याकडनं हरकत नसल्याची पुरशिस (कोर्टात द्यायचं लेखी निवेदन) आली तरी साहेब स्वतः प्रश्न विचारतात, कारण लग्नाचा दर्जा हा दोघांच्या "चालतंय की" वर सोडायचा विषय नाही. ताईला विचारलेले प्रश्न असे होते: तिकडं किती वर्षं राहत होता, केस टाकली तेव्हा दोघंही तिथंच होता का, करार इंग्रजीत होता तो समजला का, कुणी जबरदस्ती केली का, मुलं आहेत का. पाच-सहाच प्रश्न, पण आधी घरी बसून उत्तरं आठवून ठेवली होती म्हणून बरं, २०१७ ला घर बदललेलं की २०१८ ला यातच ती अडकणार होती.

आमचे अर्ज दाखल झाल्यापासनं अकरा महिने लागले. यात दोन तारखा संपात गेल्या आणि एक साहेब रजेवर होते म्हणून.

निकाल हातात आल्यावर

हुकूमनाम्याच्या सर्टिफाईड नकला एकदम चार-पाच काढून ठेवा, नक्कल विभागात परत परत खेटे नकोत. लगेच लग्नाची तारीख धरू नका, कौटुंबिक न्यायालयाच्या निकालावर अपिलाला ३० दिवस आहेत, तुमच्या केसला किती मुदत धरायची ते वकिलाकडनं लेखी घ्या आणि ती जाऊ द्या. अपील आता मुंबईला जात नाही ही आपल्यासाठी केवढी मोठी गोष्ट आहे, हायकोर्टाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासनं सीपीआर दवाखान्यासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत चालू झालंय, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गवाले पण इथंच येतात. आमच्या वेळी अपील झालं असतं तर रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस धरून मुंबई.

घोषणा न घेता दुसरं लग्न केलं तर काय होतंय असं विचारणारे पण भेटतात. पहिला घटस्फोट इथं टिकला नाही तर दुसरं लग्न मुळातच रद्दबातल, आणि वर भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली गुन्हा, सात वर्षांपर्यंत शिक्षा, पहिलं लग्न लपवून केलं असेल तर दहापर्यंत. संमतीचा पक्का निकाल असेल तर धोका कमी, हे मान्य, पण घरातलं कार्य आणि मनात धाकधूक, कशाला.

या घोषणेत काय येत नाही

मुलांचा ताबा येत नाही. तिकडच्या कोर्टानं ताब्याचा हुकूम दिला असला तरी इथलं कोर्ट मुलाचं हित स्वतः बघतं, तो हुकूम विचारात घेतात पण डोळे झाकून लागू करत नाहीत, २०१७ ला सुप्रीम कोर्टानं नित्या आनंद राघवन केसमधे हेच सांगितलं. मूल इथं राहत असेल तर पालकत्वाचा वेगळा अर्ज.

इथली जमीन-फ्लॅट येत नाही. ताराबाई पार्कातला फ्लॅट कुणाचा हे न्यू जर्सीचं कोर्ट ठरवू शकत नाही, दोघांचं एकमत असेल तर इथं रीतसर दस्त करून मोकळे व्हा.

पैशाचा हुकूम असेल तर देश बघायचा. इंग्लंड, सिंगापूर, यूएई असे काही देश आपल्या सरकारनं जाहीर केलेत, त्यांच्या वरच्या कोर्टांचा पैशाचा हुकूमनामा सीपीसीच्या कलम ४४अ खाली थेट जिल्हा न्यायालयात वसुलीला लावता येतो. अमेरिका त्या यादीत नाही, तिथल्या निकालावर इथं तीन वर्षांच्या आत नवा दावा करायला लागतो.

आणि नोटीस तुम्हालाच आली असेल तर

हे शेवटी लिहितोय पण कोल्हापुरात याचीच गरज जास्त असेल. मुलगी माहेरी, नवरा तिकडं, आणि एक दिवस परदेशी कोर्टाचे कागद येतात. गप्प बसू नका आणि घाईघाईनं उत्तरही देऊ नका. तिकडं हजर राहून केस लढवली तर पुढं "तुम्ही त्या कोर्टाचा अधिकार मानलात" असं म्हणता येतं, म्हणून उत्तर द्यायचंच तर अधिकाराला हरकत म्हणूनच द्यायचं, आणि कुठल्याही करारावर, पोचपावतीच्या फॉर्मवर वाचल्याशिवाय सही करायची नाही, तिकडचे काही फॉर्म म्हणजे संमतीच असते. बायकोला ती राहते तिथल्या कोर्टात केस टाकायचा हक्क आहे, २००३ च्या दुरुस्तीनं मिळालेला, त्यामुळं आपल्या बाजूनं इथं आधी दाखल करून ठेवणं कधी कधी फार उपयोगी पडतं. निकाल लागून गेला असेल तरी तो माझ्यावर बंधनकारक नाही अशी घोषणा इथं मागता येते. आणि नुसती नोटीस पोचली म्हणजे नैसर्गिक न्याय झाला असं सुप्रीम कोर्ट मानत नाही, जाण्याचा, राहण्याचा, वकिलाचा खर्च झेपून तिला खरोखर लढता आलं असतं का हे पण बघतात.

नोटीस कशी आली हे लिहून ठेवा, मेलवर, व्हॉट्सअपवर, पोस्टानं की बेलिफानं आणून दिली. परदेशी कोर्टाचे समन्स थेट पोस्टानं पाठवायला भारतानं हेग करारात हरकत घेतलेली आहे, त्यामुळं पोस्टानं आलं असेल तर तोच तुमचा मुद्दा होऊ शकतो. कागद बाहेर काढून पाकीट रद्दीत टाकू नका, तारखेचा शिक्का त्या पाकिटावर असतो.